‘आमचं ठरलंय’ इंग्रजीत कसं सांगायचं? ‘डिसाइड’ आणि ‘डिसिजन’ नव्याने वापरणाऱ्यांसाठी

‘अ‍ॅज वी हॅव डिसायडेड, द रिलीज विल गो आउट ऑन मंडे.’ नोकरीच्या दुसऱ्या वर्षी मी अमेरिकेतल्या एका क्लायंटला हे वाक्य मेलवर पाठवलं. पाठवण्याआधी तीनदा वाचलं होतं. स्पेलिंग बरोबर, काळ बरोबर, स्वल्पविरामसुद्धा जागच्या जागी. तासाभरात उत्तर आलं, ‘वी नेव्हर अ‍ॅग्रीड टू धिस.’ पाठोपाठ आमच्या मॅनेजरना फोन.

मला म्हणायचं होतं, ‘आम्ही असं ठरवलंय’. आम्ही म्हणजे पुण्यात बसलेली आमची सात जणांची टीम. त्यांनी वाचलं, ‘आपण असं ठरवलंय’, म्हणजे त्यांना धरून. त्यांनी तर काहीच ठरवलं नव्हतं! न दिलेला होकार मी त्यांच्या नावावर टाकला, असा त्या वाक्याचा अर्थ झाला. प्रकरण निवळायला दोन दिवस लागले.

त्यानंतर मी ‘डिसाइड’ आणि ‘डिसिजन’ या जोडीच्या मागेच लागले. शाळेत हा शब्द एका ओळीत शिकवला होता: डिसाइड म्हणजे ठरवणे. पण मराठीत ‘ठरणे’ आणि ‘ठरवणे’ जेवढी कामं करतात, त्यातली निम्मी डिसाइडला जमत नाहीत. उलट डिसाइड आपल्याकडून अशा काही गोष्टी वदवून घेतो, ज्या मराठीत न सांगता चालतात. मराठी माध्यमातून शिकून पहिल्यांदाच इंग्रजीत मेल लिहिणाऱ्या, मीटिंगमध्ये बोलणाऱ्या किंवा परदेशी शिकायला निघालेल्या प्रत्येकाला इथे ठेच लागू शकते. ती लागू नये म्हणून हे लिहिते आहे.

सुरू करण्याआधी जवळ काय हवं

- शिकणाऱ्यांसाठीचा इंग्रजी-इंग्रजी शब्दकोश. ऑक्सफर्ड आणि केंब्रिज या दोघांचे लर्नर्स शब्दकोश इंटरनेटवर फुकट बघता येतात. इंग्रजी-मराठी शब्दकोश ‘ठरवणे’ एवढं सांगून थांबतो; पुढे ‘टू’ लावायचं की ‘ऑन’, हे तिथे कळत नाही.
- मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी शब्दकोश. पहिली आवृत्ती १८३१ ची, सुधारून वाढवलेली दुसरी १८५७ ची, पण आपल्याच शब्दाला किती अर्थ आहेत हे बघायला आजही त्याच्यासारखा आधार नाही. तोही इंटरनेटवर शोधता येतो.
- दोन रकान्यांची वही. डावीकडे तुम्ही मराठीत जसं बोलता ते वाक्य, उजवीकडे त्याचं इंग्रजी. सुटे शब्द नकोत, पूर्ण वाक्यंच लिहा.
- फोनमधला व्हॉइस रेकॉर्डर.
- तुमच्या मेलचा ‘सेंट’ फोल्डर. त्यात ‘डिसाइड’, ‘डिसायडेड’ आणि ‘डिसिजन’ हे शब्द इंग्रजीत टाकून एकेक करून शोधा. डिसाइड आणि डिसिजन दोन्ही सापडतील, आणि तुमच्या चुका तुमच्याच वाक्यांत दिसतील. मला याचा जितका उपयोग झाला तितका कुठल्याही पुस्तकाचा झाला नाही.

१. आधी विचारा: कोणी ठरवलं?

२०१९ च्या लोकसभा निवडणुकीत कोल्हापुरात ‘आमचं ठरलंय’ ही घोषणा गाजली होती. दोनच शब्द. या वाक्यात ठरवणारा माणूस कुठेच नाही. ‘आमचं’ आहे, पण ‘आम्ही’ नाही. ठरवण्याची गोष्ट जणू आपोआप घडली आणि आता ती पक्की झाली, असा ‘ठरलंय’चा भाव आहे. मराठी माणूस दिवसातून दहा वेळा असं बोलतो: ‘पावसाळ्यानंतर घर रंगवायचं ठरलंय’, ‘रविवारी भेटायचं ठरलं’. कोणी ठरवलं हे विचारायची कोणाला गरज वाटत नाही.

इंग्रजीत हे जमत नाही. डिसाइड म्हटलं की ठरवणारा समोर यावाच लागतो. तो नसेल तर वाक्य कर्मणीत जातं, ‘इट हॅज बीन डिसायडेड’ असं होतं, आणि त्याला सरकारी सूचनेचा वास येतो. वाचणाऱ्याला लगेच प्रश्न पडतो की हे ठरवलं कोणी, आणि नाव का लपवलंय. आमच्याकडची नवीन मुलं ‘इट इज डिसायडेड दॅट…’ असं सर्रास लिहितात. त्यांच्या मनात नम्रता असते. कुणाचं नाव पुढे करायचं नसतं. समोरच्याला मात्र ती जबाबदारी टाळणं वाटते.

म्हणून लिहिण्याआधी मनातल्या मनात ‘ठरलं’चं ‘ठरवलं’ करा आणि कर्ता शोधा. बॉसने? ‘द मॅनेजमेंट हॅज डिसायडेड.’ घरच्यांनी मिळून? ‘माय फॅमिली अँड आय हॅव डिसायडेड.’ कर्ता खरोखरच महत्त्वाचा नसेल, तर डिसाइड सोडून द्या आणि ‘द प्लॅन इज टू…’ म्हणा. ‘द प्लॅन इज टू पेंट द हाउस आफ्टर द मॉन्सून.’ आपल्या ‘ठरलंय’च्या सगळ्यात जवळ मला हीच रचना वाटते.

२. ‘वी’ लिहिताना: आम्ही की आपण?

माझी चूक इथली. मराठीत ऐकणाऱ्याला सोडून ‘आम्ही’ आणि ऐकणाऱ्याला धरून ‘आपण’. पाच वर्षांचं पोरही यात चुकत नाही. इंग्रजीत दोन्हींना एकच ‘वी’. ‘वी हॅव डिसायडेड’ वाचणारा आपल्या सोयीने अर्थ लावतो. त्यात ‘अ‍ॅज’ जोडलं, म्हणजे ‘ठरल्याप्रमाणे’ असं सुचवलं, की ‘आपण’ हाच अर्थ पक्का होतो.

मी आता हा नियम पाळते:

- आम्ही: ‘अवर टीम हॅज डिसायडेड’, ‘अ‍ॅट अवर एंड, वी हॅव डिसायडेड’. गटाचं नाव घ्यायचंच.
- आपण: ‘अ‍ॅज वी अ‍ॅग्रीड ऑन द कॉल’, आणि पुढे वार किंवा तारीख. दोन बाजूंनी मिळून ठरवलं असेल तिथे ‘डिसाइड’पेक्षा ‘अ‍ॅग्री’ खरा. त्यात दोघांचा होकार आहे.

हेच ऐकतानाही लक्षात ठेवा. समोरचा ‘वी डिसायडेड’ म्हणाला आणि तुम्हाला आठवत नसेल, तर तिथल्या तिथे विचारा: ‘डू यू मीन युअर टीम, ऑर बोथ ऑफ अस?’ यात कमीपणा नाही.

३. गाडी कुठवर आलीय ते सांगा

मराठीत ठरण्याला पायऱ्या आहेत. विचार चाललाय. ठरत आलंय. ठरल्यातच जमा आहे. ठरलं. आपण यातलं काहीही बोललो तरी ऐकणाऱ्याला कळतं की अजून फेरफाराला जागा आहे की नाही. इंग्रजीत लिहिताना मात्र नवीन माणूस चारही पायऱ्यांवर डिसाइड ठेवून देतो. परिणाम असा, की तुमचा नुसता विचार चालू असतो आणि समोरचा कामाला लागलेला असतो.

हा शब्द लॅटिनमधून आला आहे. मुळात त्याचा अर्थ ‘कापून वेगळं करणे’. ऑपरेशनच्या चिरेला म्हणतात तो ‘इन्सिजन’ याच धातूचा. आपल्याकडे ‘एक घाव दोन तुकडे’ म्हणतात, अगदी तेच चित्र. घाव पडायच्या आधी हा शब्द वापरायचा नाही, एवढं ध्यानात ठेवलं तरी निम्म्या चुका टळतात.

विचार चाललाय: ‘वी आर कन्सिडरिंग इट.’
कल एका बाजूला आहे: ‘वी आर लीनिंग टुवर्ड्स द सेकंड ऑप्शन.’
ठरल्यातच जमा: ‘वी हॅव मोअर ऑर लेस डिसायडेड.’
ठरलं: ‘वी हॅव डिसायडेड.’

‘वी आर डिसायडिंग टू शिफ्ट’ असं लिहू नका. ‘ठरतंय’चं ते शब्दशः रूप आहे आणि वाचणाऱ्याला त्यातून शिफ्ट होणार की नाही हे कळत नाही. नुसतं ‘वी आर स्टिल डिसायडिंग’ मात्र उत्तम चालतं. हॉटेलात वेटर ‘हॅव यू डिसायडेड?’ म्हणून आला आणि मेन्यू अजून हातातच असेल, तर हेच म्हणायचं.

आणि एकदा डिसाइड म्हटल्यावर बेत बदलला, तर गुपचूप नवं वाक्य पाठवू नका. ‘वी हॅव चेंज्ड अवर माइंड्स’ किंवा कामाच्या भाषेत ‘वी हॅव रीकन्सिडर्ड’ असं उघड लिहा. तुकडा एकदा पाडला होता, हे मान्य करूनच पुढे जायचं.

४. डिसाइडच्या पुढे काय जोडायचं

इथे पाठांतराला पर्याय नाही, पण नेहमी लागणाऱ्या रचना पाचच आहेत.

*टू.* करायचं ठरवणे. पुढचं क्रियापद मूळ रूपात: ‘आय डिसायडेड टू गो.’ ‘डिसायडेड टू वेंट’ ही चूक बोलताना फार होते. भूतकाळ डिसाइडला एकदा लागला की पुरे. ‘डिसायडेड गोइंग’ही नाही.

*ऑन.* अनेकांतून एक निवडणे. तीन तास दुकानात बसून शेवटी हिरवी पैठणी घेतली, तर ‘वी डिसायडेड ऑन द ग्रीन वन’. पुढे नाम येतं.

*अगेन्स्ट.* विचार केला आणि नको म्हटलं. ‘वी डिसायडेड अगेन्स्ट बाइंग अ कार.’ हा वापर आपल्याकडे कमी दिसतो; शिकून घ्या, फार कामाचा आहे. ‘नको’ हाही विचारपूर्वक घेतलेला निर्णय आहे, हे त्यातून दिसतं.

*वेदर, व्हेअर, हाऊ.* अजून न सुटलेला प्रश्न. ‘शी हॅजन्ट डिसायडेड वेदर टू टेक द जॉब.’ होकार-नकाराच्या प्रश्नात ‘वेदर’ऐवजी ‘दॅट’ घातलं तर अर्थ बिघडतो.

*बिट्वीन.* दोहोंतून एक. ‘आय कान्ट डिसाइड बिट्वीन पुणे अँड मुंबई.’

आता नकार. ही दोन मराठी वाक्यं शेजारी ठेवा: ‘मी न जायचं ठरवलं’ आणि ‘मी जायचं ठरवलं नाही’. पहिल्यात निर्णय झालाय, जायचं नाही. दुसऱ्यात निर्णयच झालेला नाही. इंग्रजीतही ‘नॉट’ची जागा तेवढीच महत्त्वाची: ‘आय डिसायडेड नॉट टू गो’ म्हणजे न जायचं पक्कं, ‘आय हॅवन्ट डिसायडेड टू गो’ म्हणजे जायचं अजून ठरलेलं नाही. घोळ होतो तो बोलण्यातल्या तिसऱ्या वाक्यामुळे. ‘जायचं नाही ठरवलं’ याचे आपण सुरावरून दोन्ही अर्थ करतो. मेलमध्ये सूर नसतो. एखाद्या ऑफरला नकार कळवताना ‘आय डिड नॉट डिसाइड टू जॉइन’ असं लिहिलं, तर तुमची वाट बघत बसतील. स्पष्ट लिहा: ‘आय हॅव डिसायडेड नॉट टू जॉइन.’

नामाच्या बाबतीत एवढंच. सोडण्याचा निर्णय म्हणजे ‘द डिसिजन टू लीव्ह’. ‘डिसिजन ऑफ लीव्हिंग’ हे मराठीतल्या ‘चा’मुळे होतं, ते टाळा. आणि एखादा निर्णय पहिल्यांदा सांगताना ‘अ’ विसरू नका: ‘आय हॅव मेड अ डिसिजन’.

५. मेक की टेक?

आपण निर्णय ‘घेतो’, म्हणून तोंडात ‘टेक अ डिसिजन’ येतं. ही चूक नाही. ब्रिटिश इंग्रजीत दोन्ही चालतात, मोठ्या किंवा अधिकृत निर्णयाला ‘टेक’ तिथे विशेष ऐकू येतं. अमेरिकेत ‘मेक’. शंका असेल तर ‘मेक’ म्हणा, कुठेच अडणार नाही. ‘डिसिजन-मेकर’ आणि ‘डिसिजन-मेकिंग’ तर सगळीकडे ‘मेक’नेच होतात.

चर्चा करकरून निर्णयाप्रत आलात, तर ‘रीच अ डिसिजन’.

निर्णय ‘देणे’ मात्र वेगळं. आपल्याकडे पंच निर्णय देतो, न्यायाधीश देतात, बॉसही देतो. ‘द अंपायर गेव्ह हिज डिसिजन’ ठीक आहे. पण ‘माय बॉस हॅज गिव्हन द डिसिजन’ला परका वास येतो. तिथे ‘माय बॉस हॅज डिसायडेड’ पुरे.

डिसिजन या नामाचा शेजार-पाजार शिकायचा सोपा रस्ता क्रिकेटमधून जातो. डीआरएस म्हणजे डिसिजन रिव्ह्यू सिस्टिम. २००८ मध्ये भारत-श्रीलंका कसोटी मालिकेत ती प्रयोग म्हणून आली आणि २००९ मध्ये कसोटी क्रिकेटमध्ये रीतसर सुरू झाली. तिसऱ्या पंचाचं बोलणं कान देऊन ऐका. मैदानावरचा निर्णय म्हणजे ‘ऑन-फील्ड डिसिजन’. तो कायम राहिला तर ‘द डिसिजन स्टँड्स’. फिरवला तर ‘ओव्हरटर्न’ किंवा ‘रिव्हर्स’. अजून यायचा असेल तर ‘डिसिजन पेंडिंग’. पहिला सोडला तर हे बाकीचे शब्द ऑफिसच्या मेलमध्ये आहेत तसे वापरता येतात. मालिका बरोबरीत आल्यावरचा शेवटचा सामना म्हणजे ‘डिसायडर’. सोसायटीच्या सभेत मतं समसमान पडल्यावर अध्यक्षांचं जे निर्णायक मत असतं, त्याला मात्र डिसायडर म्हणत नाहीत. ते ‘कास्टिंग व्होट’.

६. जिथे ‘ठरणे’ आहे, पण डिसाइड नाही

माझ्या वहीतला हा भाग सगळ्यात जास्त भरलाय. शब्दशः भाषांतर करून फसण्याच्या या जागा.

*लग्न ठरलं.* ‘मॅरेज इज डिसायडेड’ नाही. भारतात ‘फिक्स्ड’ म्हटलेलं सगळ्यांना कळतं. बाहेर मात्र ‘फिक्स’ म्हणजे आधी दुरुस्ती, नाहीतर मॅच-फिक्सिंग. ‘शी इज गेटिंग मॅरिड इन मे’ म्हणा. साखरपुडा झाला असेल तर ‘शी इज एंगेज्ड’.

*अंदाज खोटा ठरला.* इथे कोणी काही ठरवलेलंच नाही, काळाने दाखवून दिलं. ‘द फोरकास्ट टर्न्ड आउट टू बी राँग.’ अमुक उपाय गुणकारी ठरला, तमका बेत महागात पडला, सगळीकडे ‘टर्न आउट’ किंवा ‘प्रूव्ह’.

*दोषी ठरवलं.* ‘ही वॉज फाउंड गिल्टी.’ कोर्टाच्या या निष्कर्षाला ‘फाइंड’ हे क्रियापद लागतं, ‘डिसाइड’ नाही.

*ठरवून केलं.* ‘ही डिड इट ऑन पर्पज.’

*ठरल्याप्रमाणे.* ‘अ‍ॅज प्लॅन्ड’ किंवा, दोघांचं ठरलं असेल तर, ‘अ‍ॅज अ‍ॅग्रीड’. माझ्या त्या मेलमधलं ‘अ‍ॅज वी हॅव डिसायडेड’ याच शब्दाचं भाषांतर होतं.

*रिक्षावाल्याशी भाडं ठरवलं.* ‘वी अ‍ॅग्रीड ऑन द फेअर.’ घासाघीस झाली असेल तर ‘सेटल्ड ऑन’.

*त्याचं ठरलेलं उत्तर, तिची ठरलेली जागा.* ‘हिज यूज्वल आन्सर’, ‘हर यूज्वल सीट’. ‘डिसायडेड’ हे विशेषण इंग्रजीत आहे, पण त्याचा अर्थ ‘ठळक, स्पष्ट’. ‘अ डिसायडेड अ‍ॅडव्हान्टेज’ म्हणजे उघड दिसणारा फायदा. ‘हर डिसायडेड सीट’ म्हणालात तर कुणालाच कळणार नाही.

*मी ठरवलं की मला शिकायचंच.* निर्णयाच्या पलीकडचा निर्धार. ‘आय वॉज डिटर्मिन्ड टू स्टडी.’ डिसाइड एका क्षणी घडतं आणि संपतं. डिटर्मिन्ड असण्यात पुढची सगळी वर्षं येतात. सातारा, सांगली, लातूरकडून निघून इथवर आलेल्या मुलामुलींना मुलाखतीत स्वतःची गोष्ट सांगताना हा शब्द हवा असतो, आणि ते ‘आय डिसायडेड’ म्हणून थांबतात. तुमच्या गोष्टीतलं बळ ‘डिटर्मिन्ड’मध्ये आहे. तो जरूर वापरा.

७. ‘तुम्ही ठरवा’ हे आदराने म्हणताना

मराठीत ‘तुम्हीच ठरवा’ यात मान आहे. इंग्रजीत ‘यू डिसाइड’ तुटक वाटतं, जणू हात झटकले. वरिष्ठांना किंवा पाहुण्यांना ‘इट्स अप टू यू’, त्याहून मऊ हवं तर ‘आय विल लीव्ह इट टू यू’ म्हणा. अमेरिकी सहकारी ‘युअर कॉल’ म्हणतील. तो फोन नव्हे, निर्णयाचा हक्क. ‘हू मेड द कॉल?’ म्हणजे निर्णय कोणाचा होता.

थोडा वेळ मागायचा असेल तर ‘लेट मी स्लीप ऑन इट’, म्हणजे उद्या सांगते. मोठ्या निर्णयाला एक रात्र मागणं तिथे अगदी रीतीचं समजतात.

८. कागदावरचे निर्णय

इथे चूक झाली तर अर्जच चुकतो, म्हणून सावकाश वाचा.

*शासन निर्णय.* आपण ज्याला जीआर म्हणतो तो. मराठीत ‘निर्णय’ असला तरी इंग्रजीत तो ‘गव्हर्नमेंट रेझोल्यूशन’. जीआर ही अक्षरं तिथूनच आली. अर्जात ‘गव्हर्नमेंट डिसिजन’ लिहिलं तर कारकुनाला संदर्भ लागत नाही. ग्रामसभेचा किंवा सोसायटीचा ‘ठराव’ही ‘रेझोल्यूशन’च. मंत्रिमंडळाचा निर्णय मात्र ‘कॅबिनेट डिसिजन’.

*कोर्ट.* १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेत तीन शब्द वेगवेगळे आहेत. ‘जजमेंट’ म्हणजे न्यायनिर्णय, ज्यात न्यायाधीश कारणं देतात. ‘डिक्री’ म्हणजे हुकूमनामा, पक्षकारांचे हक्क ठरवणारा. आणि ‘ऑर्डर’ म्हणजे आदेश. दिवाणी कोर्टाचा जो निर्णय डिक्री नाही, तो ऑर्डर. वकिलांकडून कागद मागताना नेमका शब्द वापरा. ‘कोर्ट डिसिजनची कॉपी द्या’ म्हटलं तर भलताच कागद हातात पडू शकतो. लवादाचा निवाडा असेल तर ‘अवॉर्ड’. तिथे बक्षिसाचा संबंध नाही. ‘व्हर्डिक्ट’ हा शब्द मुळात ज्युरीचा. मुंबईत १९५९ च्या नानावटी खटल्यात ज्युरीने ८ विरुद्ध १ असा ‘नॉट गिल्टी’ दिला, तो व्हर्डिक्ट. ज्युरी गेल्या, पण वर्तमानपत्रांनी शब्द ठेवला.

*निकाल.* परीक्षेचा असेल तर ‘रिझल्ट’. खटल्याचा असेल तर वरचे शब्द. एकाच मराठी शब्दाचे हे दोन रस्ते आहेत.

*व्हिसा आणि प्रवेश.* ‘अ डिसिजन हॅज बीन मेड ऑन युअर अ‍ॅप्लिकेशन’ असा मेल आला तर पेढे वाटू नका आणि रडूही नका. निर्णय झालाय एवढंच त्यात लिहिलंय. होकार की नकार ते पत्र किंवा पासपोर्ट हातात आल्यावर कळेल. घरच्यांनाही हे आधीच समजावून ठेवा.

अमेरिकेत पदवीला अर्ज करणाऱ्यांच्या आईवडिलांनी तर हे नीटच वाचावं. ‘अर्ली डिसिजन’ म्हणजे ‘लवकर निकाल’ एवढंच नाही. त्यात निर्णय तुमचाही असतो, आणि तो आधीच दिलेला असतो: असा अर्ज एकाच कॉलेजला करता येतो, आणि प्रवेश मिळाला तर बाकीचे अर्ज मागे घेऊन तिथेच जायचं असं तुम्ही लिहून दिलेलं असतं. पुरेशी आर्थिक मदत मिळाली नाही तरच त्यातून सुटका होते. ‘अर्ली अ‍ॅक्शन’मध्ये निकाल लवकर लागतो, पण असं बंधन नसतं. अर्जाच्या पानावर ही दोन नावं शेजारी-शेजारी असतात. खर्चाचा हिशेब पूर्ण झाल्याशिवाय ‘डिसिजन’वर टिचकी मारू नका.

९. उच्चार आणि स्पेलिंग

‘डिसिजन’ असं आपण देवनागरीत लिहितो, पण त्यातला ‘ज’ ना ‘जीव’मधला आहे ना ‘जावई’मधला. हा आवाज मराठीत नाही. काढायची युक्ती अशी: बोट गळ्यावर ठेवा आणि लांब ‘श्श्श’ म्हणा. गळा थरथरत नाही. आता जीभ तशीच ठेवून आवाज सोडा, गळा थरथरू द्या. जो घरघरता ‘श’ निघेल तोच ‘डिसिजन’, ‘टेलिव्हिजन’ आणि ‘प्लेझर’मध्ये आहे. जोर मधल्या ‘सि’वर.

‘डिसायसिव्ह’मध्ये हा आवाज नाही, तिथे साधा ‘स’, आणि जोर ‘साय’वर.

‘डिसायडेड’चं शेवटचं अक्षर गिळू नका. ‘आय डिसाइड टू लीव्ह लास्ट इयर’ असं ऐकू येतं ते बहुधा व्याकरण कच्चं असल्यामुळे नाही, शेवटचा ‘इड’ घाईत पडल्यामुळे. वर दिलेल्यांपैकी ‘डिसायडेड’ची दहा वाक्यं रेकॉर्ड करा आणि फक्त शेवटची अक्षरं ऐका.

स्पेलिंगमध्ये ‘सी’ आधी, ‘एस’ नंतर. ‘डिव्हाइड’चं ‘डिव्हिजन’, ‘कोलाइड’चं ‘कोलिजन’, तसंच ‘डिसाइड’चं ‘डिसिजन’: जिथे ‘डी’ होता तिथे ‘एस’ येतो, बाकी अक्षरं जागची हलत नाहीत.

१०. जुनं मेल काढून पुन्हा लिहा

सेंट फोल्डरमध्ये सापडलेल्या प्रत्येक वाक्याला तीन प्रश्न विचारा. ठरवणारं कोण? ‘वी’मध्ये कोण कोण आहे? घाव पडलाय की अजून हात उगारलेलाच आहे? मग वाक्य नव्याने लिहा. रोज दोन वाक्यं पुरेत.

मी माझं ते मेलही असंच काढलं. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं सोपी होती. तिसऱ्यावर मी अडले. रिलीजची तारीख क्लायंटच्या होकाराशिवाय पक्की होणारच नव्हती, म्हणजे आमच्या टीमनेही खरं तर काही ठरवलेलं नव्हतं; आम्ही फक्त सुचवणार होतो. नव्या वाक्यात डिसाइड उरलंच नाही, आणि डिसिजन गेला त्यांच्याकडे, जिथे तो पहिल्यापासून असायला हवा होता:

‘अवर टीम वुड लाइक टू प्रपोज मंडे फॉर द रिलीज. कुड यू लेट अस नो युअर डिसिजन बाय थर्सडे?’